मालकीचा नवस

जव्हार संस्थानात आषाढ लागला की सागाची ओढ बंद पडे, आणि ओढ बंद पडली की बस्त्याव गाडीवानाचा हात चालू होई. उन्हाळाभर तो पोशेऱ्याकडच्या रानातून दरबारचे ओंडके ओढून आणी. तेव्हा हाताला काम असे, अंगाला घाम असे, संध्याकाळी पडला की मेलेल्यासारखा झोपे. पावसाळ्यात मात्र गाडी खोपीत, बैल गोठ्यात आणि बस्त्याव ओटीवर. पुढ्यात मोहाची बाटली. दिवसभर नुसता पाऊस बघून माणसाला राग येतो, आणि पावसाला काही मारता येत नाही. मग राहिली कातरीन.

कातरीन त्याची बायको. माहेर वसईचं. लाल लुगडं, हाडापेरानं मजबूत, आवणीला चिखलात उतरली तर पाड्यावरच्या वारलिणी मागे पडत. पाड्यावर कुणाला 'कातरीन' म्हणायला जमेना, त्यांनी तिचं 'कातरी' करून टाकलं. नावावरून वाटावं, बाईची जीभ कातरीसारखी चालत असेल. तसलं काही नव्हतं. मार खाताना ती ब्र काढत नसे. पदराचा बोळा तोंडात आणि मनात जेजू-मारीचं नाव.

हे तिला पाद्रीबाबानं शिकवलं होतं. शिरपामाळच्या अंगाला असलेल्या त्या पाड्यावर किरिस्तावांचं घर हे एकच. बस्त्यावचा आजा लाकडाच्या गाड्यांबरोबर वसईहून वर आला आणि राहिला, म्हणून झालेलं. त्यांच्यासाठी पाद्री वर्षातून एकदा, दिवाळी उलटल्यावर, घोड्यावर बसून येई. अंगणातल्या आंब्याखाली त्यांचा खुरीस होता, लाकडी क्रूस; त्याच्यापुढे मीस म्हणजे प्रार्थनाविधी करी, कुमसारात पापांची कबुली ऐके, जेवे आणि जाई. गेल्या खेपेला कातरीननं कुमसारात नवऱ्याच्या माराचं सांगितलं. पाद्री म्हणाला, "सोस, बाय. मारी सायबिणीनं पोटच्या लेकाचं मरण डोळ्यांनी बघितलं, तोंडातून शब्द काढला नाही. तू तर नुसता मार खातेस."

कातरीनला ते पटलं होतं. निदान भाद्रपदापर्यंत पटलं होतं.

त्या दिवशी चुलीत ओलं लाकूड होतं आणि घरभर धूर. बस्त्यावच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. आपण बायकोसमोर रडतोय असं दिसतं, हे त्याला खपेना. त्यानं भिंतीला लावलेली जुवाची शिवळ उचलली. हातभर खैराची काठी ती. पहिला तडाखा कातरीनच्या पाठीवर बसला, दुसरा दंडावर. पदर तोंडात कोंबायला तिनं हात उचलला, तर दंड उचलेना. पदर राहिला खाली आणि तोंड मोकळं राहिलं. त्या मोकळ्या तोंडातून जे निघालं ते तिलाही ठाऊक नव्हतं.

"सांत अंतोना! याचा हात थांबव! याचा दिवाण तुझ्या खुरसाला वाहीन!"

दिवाण हा बस्त्यावचा कोंबडा. तांबडा, झुंजीचा, मानेवर सोनेरी आयाळ. खोडाळ्याच्या बाजारात त्यानं भल्याभल्यांचे कोंबडे पळवले होते. बस्त्याव पोरांना कधी मांडीवर घेत नसे, पण दिवाणला घेई.

शिवळ वर गेली होती ती वरच राहिली.

"कोण? दिवाण?" बस्त्याव म्हणाला. "माझा?"

कोपऱ्यात त्याची आई, मोनाबाय, तेर्साची जपमाळ ओढत बसली होती. सुनेला मार पडताना म्हातारी नेहमी भिंतीकडे तोंड करी. आज तिनं मान वळवली.

"थांबला," ती म्हणाली.

"काय थांबला?"

"तुझा हात. नवस फळला."

"मी थांबलो नाय! दम खात होतो!"

"खाल्लास ना दम? मग थांबलास." म्हातारीनं माळेचा मुका घेतला. "आता अंतोनाचं अंतोनाला दे. बापाची गत विसरू नको."

बापाची गत बस्त्याव विसरणं शक्यच नव्हतं. त्याचा बाप रुमाव तापात फणफणला होता, तेव्हा त्यानं सायबिणीला आपल्या उंचीची मेणबत्ती कबूल केली. ताप उतरला. रुमाव म्हणाला, उदबत्तीही उंचच असते, आणि मेणबत्तीऐवजी एक उदबत्ती लावून मोकळा झाला. त्याच साली उतारावर ओंडक्याची साखळी तुटली आणि रुमाव खाली सापडला. तेव्हापासून बस्त्याव वाघाला भीत नसे, दरबारच्या शिपायाला भीत नसे, पण सांतांपुढे त्याची बोबडी वळे.

रविवारी दिवाण कापला गेला. नवसाचं जेवण गोरगरिबांना घालायचं असतं, आणि पाड्यावर श्रीमंत कोणी नव्हताच. सगळा पाडा जेवायला आला. रस्सा पाणचट होता, पण माणसं बोटं चाटत होती. बस्त्याव ओटीच्या कडेला पाठ फिरवून बसला होता.

"नवसाचं नाकारू नये," म्हातारी म्हणाली.

तेव्हा त्यानं एक तंगडी खाल्ली. खाताना त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि आता घरात धूर नव्हता.

कातरीनच्या शेजारी बसली होती सुकरी, फागूची बायको. दोघी आवणीच्या सोबतीणी. सुकरीनं रस्सा ओरपला आणि हळूच विचारलं, "तुझा देव कोंबड्यावं ऐकतं कं?"

"माझ्या कोंबड्यावर नाय ऐकत," कातरीन म्हणाली. "त्याच्या कोंबड्यावर ऐकला."

सुकरी बराच वेळ हाड चोखत राहिली.

बस्त्याव तसा मूर्ख नव्हता. त्यानं ओटीवर बसून विचार केला, बाटली संपेपर्यंत केला, आणि त्याला वाट दिसली. हात थांबला म्हणून नवस फळला. हात थांबलाच नाही तर?

त्याच्याकडे एक काळा लोकरीचा कोट होता. कुठल्याशा साहेबानं शिकारीला आला असताना दिलेला. थंडीत गाडीवर तो कोट घालून बसला की वाटेवरचे लोक त्याला रामराम करायच्या आधी थोडं वाकत. पितरपाटात एके दुपारी तो घरात आला, पोरीनं पाणी सांडलं होतं त्यावर पाय घसरून पडला आणि उठला तो कातरीनवर. कातरीन ओरडली, "सांत अंतोना, याचा कोट!"

बस्त्याव थांबला नाही. दातओठ खाऊन मारत राहिला. ती कोट म्हणे, तो मारी. कोट वाचवायचा तर हात चालता ठेवायला हवा, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. त्या दिवशी हसण्यासारखं काही नव्हतं. थोरली सांतान धाकट्या पेद्रूला घेऊन माच्याखाली शिरली. कातरीनचं डावं मनगट काठीखाली आलं आणि सुजून कोहळ्यासारखं झालं. पण माणसाचा हात म्हणजे काही पाणचक्की नव्हे. शेवटी बस्त्यावचा खांदा भरून आला, श्वास लागला आणि काठी गळून पडली.

घरात नुसता त्याच्या धापांचा आवाज.

"थांबलास ना शेवटी?" भिंतीकडून मोनाबाय म्हणाली. "काढ कोट."

"आय, पण उशीर झाला ना! त्यानं कुठं लगेच थांबवलं?"

"सांत आहे तो, तुझा नोकर नाय. सवडीनं येतो. काढ!"

कोट म्हातारीनं स्वतःच्या हातानं नेला आणि खुरसावर चढवला. मग आत येऊन तिनं हळद गरम केली, बांबूच्या कांबीत कातरीनचं मनगट बांधलं. या सासूनं आजवर सुनेच्या अंगाला कधी हात लावला नव्हता, मारायलाही नाही आणि चोळायलाही नाही. बांधता बांधता ती म्हणाली, "रुमाव मला बैलाच्या चाबकानं मारी. बस्त्याव पाळण्यात असे, टकाटका बघत असे."

कातरीननं मान वर करून तिच्याकडे बघितलं.

"रुमावकडे चांदीचा करगोटा होता," म्हातारी म्हणाली. "आणि बंदूक. आणि काय काय." तिनं गाठ आवळली. "मला का नाय सुचलं गं हे?"

कोट पावसात भिजत उभा राहिला. वाऱ्यानं त्याच्या बाह्या हलत. पहिल्या दिवशी पहाटे फागू तिथून चालला होता, त्यानं त्याला वाकून रामराम केला आणि उत्तर आलं नाही म्हणून वाटेनं शिव्या देत गेला. बस्त्यावला मात्र घरात येता-जाता त्याच्यासमोरून जावं लागे. तो खाली मान घालून जाई.

त्यानंतर दिवाळीपर्यंत पुन्हा एकदाच हात उठला. नवरात्राच्या सुमाराला. कातरीनचं मनगट अजून कांबीत होतं. ती मागे सरली नाही. तिनं फक्त गोठ्याकडे बघितलं. गोठ्यात हरण्या रवंथ करत होता. बस्त्यावचा हरण्या, शिंगं चंद्रकोरीसारखी, चढणीला एकटा गाडी खेचणारा.

"सांत अंतो—" ती म्हणाली.

बस्त्यावनं दोन्ही हात पाठीमागे बांधले. "काय नाय! काय नाय केलं मी! पुरं नको करूस!"

तिनं पुरं केलं नाही.

मग घरात शांतता आली. पण शांतता म्हणजे तरी काय, बस्त्याव मडकी फोडी, खांबाला लाथा घाली, आणि लाथ मारताना डोळ्याच्या कोपऱ्यातून बायकोच्या ओठांकडे बघे. रात्री बाजेवर कूस बदलताना हात तिच्या अंगावर पडला तरी दचकून म्हणे, "झोपेत होतो हां."

नाचणीच्या कापणीला सुकरी आली ती सुजलेला डोळा घेऊन.

"फागून हानला," ती म्हणाली. "तुझा देव आमचा नवस घेल कं? आम्ही त्याच्यातले नाय."

कातरीन कणसं खुडत थांबली. हे तिला कुणी शिकवलेलं नव्हतं. "विचारून बघ," ती म्हणाली. "लय झालं तर नाय म्हणेल."

"मना काय बोलायचं?"

"त्याचं जे लाडकं असेल ते बोल. मोठ्यानं. म्हणजे त्यालाही ऐकू जायला पाहिजे."

फागूचं लाडकं म्हणजे त्याचा तारपा. वाळक्या भोपळ्याचा, ताडाच्या पानाचं तोंड लावलेला, पुरुषभर लांब. दिवाळीच्या नाचात फागू मधोमध उभा राहून तारपा फुंके आणि त्याच्याभोवती सगळा पाडा कमरेला हात घालून फिरे. त्याच रात्री फागूचा हात उठला आणि सुकरीनं ओरडून तारपा कबूल केला; दुसऱ्या दिवशी सकाळी तो खुरसाला टेकून उभा होता, कोटाच्या शेजारी. आठवडाभरात तिथे रखमीच्या नवऱ्याचं मासे धरायचं जाळं आलं, बायडीच्या नवऱ्याची पितळी मूठ असलेली काठी आली. पाड्यावरच्या नवशी नावाच्या म्हातारीचा नवरा मरून कैक पावसाळे झाले होते, तिनंही त्याचं जुनं पागोटं आणून टाकलं. म्हणाली, मागचं राहिलेलं.

पुरुष बस्त्यावच्या ओटीवर जमले.

"तुझ्या बायकोच्या देवानं माझा तारपा नेला," फागू म्हणाला. "दिवाळी आली. आथा काय मी तोंडान वाजवू?"

"माझा कोट गेला, कोंबडा गेला. मी कोणाला सांगू?" बस्त्याव म्हणाला.

"देव तुझा हाय. तूच सांग."

"पाद्री येऊ दे," बस्त्याव म्हणाला. "हे सगळं बायकांचं आहे. पाद्री शिकलेला माणूस, तो मोडून काढेल."

दिवाळी तारप्याशिवाय गेली. माणसं हाताच्या टाळ्यांवर नाचली आणि फागू घरात तोंड फिरवून पडला. मग भात कापून झालं, आणि एका सकाळी घोड्यावर पाद्री आला. खुरसावर कोट, बाजूला तारपा, खाली जाळं, काठी आणि पागोटं बघून तो घोड्यावरून उतरायचाच विसरला.

"हे काय चाललंय? बाजार भरलाय का?"

मीस झाली. किरिस्ताव एका घरचे, पण खुरसापुढे सगळा पाडा बसला होता. बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला. बस्त्यावनं हात जोडून सगळं सांगितलं. मारल्याचं तेवढं वगळलं.

"आणि हात का थांबवायचा होता?" पाद्रीनं विचारलं.

"हात... चालू होता," बस्त्याव म्हणाला.

पाद्रीनं मिशी चोळली. तो काही दुष्ट माणूस नव्हता. घोड्यावर बसून त्याचं कंबरडं मोडलं होतं, आणि जेवण मिळायचं होतं. त्यानं निवाडा दिला, "नवस आपल्या मालकीच्या वस्तूचा करावा. दुसऱ्याच्या बैलाचा नवस करणं म्हणजे शेजाऱ्याच्या ताटातलं उचलून भिकाऱ्याला वाढणं. त्यात पुण्य नाही. कोंबडा नवऱ्याचा, कोट नवऱ्याचा. बाई, तुझे नवस रद्द. बस्त्याव, घे तुझा कोट."

बस्त्यावनं तिथल्या तिथे कोट अंगावर चढवला. त्याला बुरशी आली होती आणि एका खिशात मुंग्यांनी घर केलं होतं, पण त्यानं छाती काढली. फागू तारप्याकडे धावला.

"तू कुठं?" सुकरी आडवी झाली.

"यांनी मोडलान ना नवस!"

"तिचा मोडलान. मी काय किरिस्ताव हाय? माझा मोडायचा तर आपला भगत आण. तो काय बोलं ते बघू." ती पाद्रीकडे वळली. "बाबा, तुम्हाला आमच्यावं हुकूम हाय कं?"

पाद्रीनं घसा खाकरला. "नाही," तो म्हणाला. खोटं बोलण्याची त्याला सवय नव्हती.

बायकांच्या बाजूला हशा पिकला. तारपा जागचा हलला नाही.

कातरीन हसली नाही. ती उभी राहिली. कांब सुटली होती, पण मनगट वाकडं बसलं होतं ते बसलंच होतं. पदर डोक्यावर नीट करून ती म्हणाली, "पाद्रीबाबा, चुकलं माझं. अज्ञान होतं. आता एवढं सांगा, माझ्या मालकीचं काय आहे?"

"म्हणजे?"

"घर त्यांचं. बैल त्यांचे. पोरं त्यांच्या नावाची. माझं काय? सांगा, मी तेवढंच वाहीन."

पाद्रीनं खुरसाकडे बघितलं, आंब्याकडे बघितलं. गेल्या वर्षी कुमसारात याच बाईला आपण काय सांगितलं ते त्याला आठवलं असावं, कारण त्याचे कान लाल झाले. "तुझी प्रार्थना तुझी," तो सावकाश म्हणाला. "तुझा उपास तुझा. तुझे कष्ट. पायी यात्रा करायची तर पाय तुझे."

"कष्ट माझे?"

"देवापुढे तुझेच."

"आणि पाय माझे?"

"हो, बाय. तुझेच."

कातरीन खुरसापुढे गुडघ्यांवर बसली. मोठ्यानं बोलायचं असतं, हे आता तिला माहीत होतं.

"सांत अंतोना, हे माझे पाय आणि हे माझे हात. याचा हात माझ्यावर उठला, तर त्याच पावली वसईला तुझ्या देवळाला चालत येईन. एका फटक्याला एक महिना तुझं देऊळ झाडीन, पाणी भरीन. महिना भरेपर्यंत या घरची चूल माझी नाय."

बस्त्यावची छाती कोटाच्या आत बसली. "पाद्रीबाबा!"

पाद्री डोळे मिटून उभा होता. स्वतःचाच निवाडा त्याच्या गळ्यात आला होता. "नवस खरा आहे," तो म्हणाला. "मालकीचा आहे. मला मोडता येत नाही." आणि जरा थांबून म्हणाला, "मला मोडायचाही नाही."

बाकावर मोनाबाय खुडबुडली. "माझाही तोच लिहून घे देवा. पाय दुखतात माझे, पण माझे आहेत. तिला मारलं की मीही चालले."

"आय, तू कशाला?"

"मला कुठं विचारलंस, तू पाळण्यात असताना?" म्हातारी म्हणाली. त्यातलं कातरीनखेरीज कुणाला काही कळलं नाही.

पौषात ओढ सुरू व्हायची होती. बस्त्यावनं गाडीच्या चाकांना तेल घातलं, आखाला एरंडेल माखलं, बैलांना पेंड चारली. दारू नव्हती, ताप नव्हता, काही नव्हतं. निघायच्या दिवशी सकाळी बघतो तर हरण्याचं नवं दावं उंदरांनी कुरतडलेलं. कातरीन चुलीपुढे त्याच्या वाटेच्या भाकरी थापत होती. "दावं वर टांगायला काय झालं होतं?" असं म्हणत तो आत आला आणि त्यानं तिच्या थोबाडीत दिली.

आवाज झाला आणि मग काहीच झालं नाही. बाहेर बैलाची घंटा वाजली.

सगळ्यांत आधी बस्त्यावलाच उमगलं.

"हा नको धरूस," तो म्हणाला. "हा असाच गेला. हा माझा नव्हता."

कातरीननं हातावरचं पीठ झटकलं. भाकरी तव्यावर फुगत होती, ती तशीच ठेवली. पेद्रूला कडेवर घेतलं. लुगड्याचा काष्टा चालायला बरा म्हणून घट्ट खोचला. भिंतीशी म्हातारी काठी शोधत होती.

"आय, तुझ्या गुडघ्यांनी नाय व्हायचं!"

"मग हळू जाऊ," म्हातारी म्हणाली. "महिना आहे."

पाड्याच्या कडेला सुकरी डोक्यावर लाकडाचा भारा घेऊन येत होती. "कुठं?"

"वसईला. पायी."

"दर्या हाय म्हणतात तिथं."

"हाय."

सुकरीनं भारा वाटेतच टाकला. "मना बघायचाच हाय," ती म्हणाली, आणि निघाली. फागूला निरोप ठेवायचं तिला सुचलंही नाही.

बस्त्यावनं थोडा वेळ रिकाम्या घरात येरझाऱ्या घातल्या. भाकरी जळाली. मग त्यानं बैल जुंपले, सांतानला गाडीत टाकलं आणि मागं धावला. जव्हारच्या उताराला त्यानं त्यांना गाठलं.

"बसा गाडीत. मी सोडतो वसईला. गाडीनं काय नवस होत नाय?"

"पाय कबूल केलेत," कातरीन म्हणाली. "चाकं नाय केली."

"आय, तू तरी बस!"

म्हातारीनं ऐकू न आल्यासारखं केलं.

मग पुढे तीन बायका आणि मागे रिकामी गाडी, अशी वरात मनोरच्या वाटेला लागली. म्हातारीच्या चालीनं चालायचं म्हणजे बैलांनाही झोप येत होती. सांतानला नवस लागू नव्हता, ती गाडीत एकटी राणीसारखी बसून बोरं खात होती. नाक्यावर दरबारचा शिपाई आडवा आला.

"काय रे बस्त्याव, लाकूड कुठंय? ओढ सुरू झाली ना?"

"नवसाला चाललोय," बस्त्याव पुटपुटला.

"कुणाच्या?"

बस्त्याव कासरा चाळवायला लागला. "आयच्या," गाडीतून सांतान म्हणाली. "बाबानं थोबाडीत मारलं ना, म्हणून." शिपायानं पुढे चालणाऱ्या बायकांकडे बघितलं, मागच्या गाडीकडे बघितलं, आणि वाट सोडली. पुढच्या गावी ही बातमी गाडीच्या आधी पोचली. विहिरीवरच्या बायका घागरी खाली ठेवून बघायला आल्या. एकीनं म्हातारीला गूळ दिला. बस्त्यावला कुणी पाणीही विचारलं नाही.

दिवस कलला तेव्हा नदीकाठी मुक्काम पडला. कातरीन दगडावर पाय पसरून बसली. टाचा फुटून रक्त आलं होतं. पेद्रू पदराआड पीत होता. बस्त्यावनं गाडीतून तांदूळ काढले आणि वाट बघत उभा राहिला.

"काय?" मोनाबाय म्हणाली.

"भात..."

"महिनाभर चूल तिची नाय. माझीही नाय. ही सुकरी तर परक्या घरची." म्हातारीनं काठीनं तीन दगड दाखवले. "लाव."

बस्त्याव चूल पेटवायला बसला. लाकूड ओलं होतं, फुंकून फुंकून त्याचे डोळे लाल झाले. भात खाली करपला, वर कच्चा राहिला, आणि मीठ कशाला म्हणतात हे त्याला ठाऊक नसावं. पळसाच्या पानांवर त्यानं सगळ्यांना वाढलं. कातरीननं पहिला घास घेतला. लग्न झाल्यापासून तिच्या पुढ्यात दुसऱ्याच्या हातचं गरम पान आलं नव्हतं. ती सावकाश चावत राहिली.

"बरा नाय झाला," बस्त्याव म्हणाला.

"नाय झाला," ती म्हणाली, आणि पान पुढे केलं. "वाढ अजून."

वाढता वाढता तो खाली बघून म्हणाला, "परत हात नाय उचलणार. देवाशपथ. उद्या घरी फिरू या?"

"उद्या मनोरला पोचायचंय," कातरीन म्हणाली.

त्या वसईला पोचल्या. सुकरीनं समुद्र बघितला, तोंडात घेऊन थुंकला आणि एवढं पाणी फुकट गेलं म्हणून हळहळली. कातरीननं महिनाभर देऊळ झाडलं. म्हातारी सांत अंतोनापुढे बसून त्याला रुमावच्या जुन्या गोष्टी सांगे, सावकाश, एकही न गाळता. बस्त्याव बाहेर होता. तिथल्या पाद्रीनं रिकामी गाडी बघून त्याला रेती ओढायला लावलं होतं. दरबारची पहिली खेप दुसऱ्याच गाडीवानाला गेली. महिना भरला तेव्हा कातरीन परतली, गाडीत बसून, कारण परतीचं काही कबूल केलेलं नव्हतं. फागूनं भगत आणला होता. भगत म्हणाला होता, बाईला विचार. फागू सुकरीसाठी वेशीवर उभा होता.

पुढच्या पावसाळ्यात, ओटीवर बसून बसून बस्त्यावचं डोकं पुन्हा एकदा फिरलं आणि हात वर गेला. कातरीन भात कांडत होती. तिनं मुसळ थांबवलं.

"आय," तिनं आत हाक मारली, "आता नदीला पाणी किती असेल हो?"

"छातीएवढं," आतून म्हातारी म्हणाली. "पण जायचं तर जायचं. बस्त्याव नेईल खांद्यावरून, एकेकीला."

बस्त्यावनं अंगणापलीकडच्या कोसळत्या पावसाकडे बघितलं. वर गेलेला हात हळूच डोक्यावर टेकवला, आणि तो खाजवायला लागला. बराच वेळ खाजवत होता.